छोटे बास गिटार बनवणारे आणि ट्रेडमार्कची भानगड

इलेक्ट्रिक बास स्वतः बनवून विकणाऱ्या छोट्या कारागिराला नावावरून, लोगोवरून किंवा लाकडाच्या आकारावरून मोठ्या कंपनीची नोटीस येऊ शकते, त्याची ही नोंद. खान्देशात हे समजवायला एक सोपं उदाहरण आहे, हळदीत वाजतो तो ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड). ते मुळात रोलँड कंपनीचं नाव, १९८५ सालचं, पण जळगाव-धुळे-नंदुरबारकडे कुठल्याही कंपनीचं पॅड आणा, तो ऑक्टोपॅडच. बासचं तसंच होतं. लोक म्हणतात "भो, एक जॅझ बास बनवी दे", त्यांना वाटतं हा बासचा एक प्रकार आहे, पण जॅझ बास (१९६०) आणि प्रिसिजन बास (१९५१) ही दोन्ही फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीची नावं आहेत अन ती स्वतःच्या मालावर छापून विकता येत नाहीत.

आकाराचं मात्र वेगळं आहे. फेंडरने स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बास यांच्या बॉडीचा आकार अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून मागितला होता, बाकीच्या गिटारवाल्यांनी विरोध केला आणि २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क बोर्डाने नकार दिला, कारण इतकी वर्षं इतक्या जणांनी तो आकार विकला की बघणाऱ्याला आता त्यावरून एकच कंपनी आठवत नाही. म्हणून तसल्या बॉडीचे बास जगभर दिसतात. पण हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसवतात तो शेंडा, तो फेंडरने रजिस्टर केलेला आहे, आणि नेमका तोच लोक हौसेने हुबेहूब कापतात. रिकनबॅकर ही दुसरी अमेरिकन गिटार कंपनी तर बॉडीच्या आकाराबाबतही कडक म्हणून ओळखली जाते, तिच्या ४००१, ४००३ या बासची नक्कल टाळलेलीच बरी. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), चार तारा, पिकअपची (तारेचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाची) जागा हे वाद्य वाजण्यासाठीच लागतं, त्यावर ट्रेडमार्क चालत नाही.

भारतात १९९९ चा ट्रेड मार्क्स कायदा लागतो. त्यात मालाचा आकारही मार्क होऊ शकतो, पण जो आकार तांत्रिक गरजेपोटीच आलाय किंवा ज्यामुळेच मालाला किंमत आहे तो नाही. अमेरिकेतलं रजिस्ट्रेशन आपोआप इथे लागू होत नाही हे खरं, पण यावरून कोणी बिनधास्त होऊ नये, कारण मोठ्या ब्रँडची नावं इथेही जपली जातात, आणि माल ऑनलाइन बाहेर पाठवला की तिथला कायदा लागतोच.

सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं "दादा, वर फेंडर लिहून द्या ना, कोणाला कळतंय", आणि कारागीर शंभर-दोनशे रुपयांचं स्टिकर लावून देतो. खोटा ट्रेडमार्क लावणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. इथे गिऱ्हाईकाला साफ नाही म्हणावं, मग ते मामाचं पोरगं का असेना.

आता स्वतःचं नाव. "खान्देश बास" किंवा "जळगाव गिटार" कानाला छान वाटतं पण गावाचं नाव एकट्याचं करायला कायदा सहसा देत नाही. (जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, वेगळं, ते त्या भागातल्या मालासाठी असतं, एका दुकानाचं नसतं.) पाटील, चौधरी, महाजन ही आडनावं तर आपल्याकडे गल्लीगल्लीत, त्यामुळे तीही कमजोर. अर्थाशी संबंध नसलेलं काहीतरी घडवलेलं नाव जास्त टिकतं. ट्रेडमार्कच्या अर्जात मालाचे वर्ग असतात, त्यात वाद्यांचा वर्ग १५ आहे, एका माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, एका वर्गाची. महाराष्ट्राचं ऑफिस मुंबईत. अर्ज मंजुरीकडे गेला की तो सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात, मग चार महिने कोणीही विरोध करू शकतं, आणि मार्क मिळाला की दहा वर्षं चालतो, पुढे रिन्यू होतो. अर्ज केला की टीएम लिहिता येतं, पण गोलातला आर मार्क मिळाल्याशिवाय लावायचा नाही, हे बरेच जण चुकतात.

पार्ट विकणाऱ्यांना थोडी मोकळीक आहे. "जॅझ बासला बसणारा पिकगार्ड" असं लिहिणं (पिकगार्ड म्हणजे बॉडीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात ती पट्टी) साधारण चालतं, कारण तिथे नाव फक्त माप सांगायला आलंय. पिकगार्डवरच फेंडर छापलं तर नाही.