मसाल्याचं नाव कायद्याने आपलं कसं करायचं? ट्रेडमार्क अर्जाची माहिती

शॉप अॅक्टच्या कागदावर नाव आहे, एफएसएसएआयच्या परवान्यावर आहे, उद्यमच्या, म्हणजे लघुउद्योग नोंदणीच्या, प्रमाणपत्रावरही आहे. तरीही ते नाव कायद्याने तुमचं झालेलं नसतं. घरगुती मसाले, लोणची, चिवडा विकणाऱ्या महिलांना मी अर्ज भरायला मदत करते आणि जवळपास प्रत्येकीला पहिल्या दिवशी हेच सांगावं लागतं. व्यवसाय कोण करतं, कुठे करतं, खाद्यपदार्थ विकायला परवानगी आहे का, एवढंच ते कागद सांगतात. त्याच नावाने शेजारच्या तालुक्यात कुणी मसाला विकू लागलं, तर त्याला अडवायला लागतो ट्रेडमार्क, म्हणजे मालाच्या नावाची किंवा चिन्हाची नोंदणी. त्याचा कायदा १९९९ चा आणि सध्याचे नियम २०१७ चे.

अर्ज कुणालाही करता येतो: एकटी व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपनी, ट्रस्ट, सहकारी संस्था. व्यवसाय सुरू झालेला नसला तरी 'पुढे वापरणार आहे' असं लिहून नाव आधीच मागता येतं. बचत गटांनी मात्र अर्ज कुणाच्या नावे करायचा, हे सगळ्यांनी बसून आधी ठरवावं. घाईत अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने अर्ज केला, तर कागदोपत्री मालक त्या एकट्याच होतात आणि दहा जणींच्या कष्टाचं नाव एकीच्या नावावर जातं.

कोणतं नाव मिळतं, कोणतं नाही

मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा मिळत नाही. 'कांदा-लसूण मसाला', 'अस्सल', 'घरगुती चव' हे शब्द सगळ्यांचे आहेत. गावाच्या नावाचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे विशिष्ट भागाच्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन आहे. ते त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचं, एका दुकानाचं नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र तर ट्रेडमार्क म्हणून मागूच नका, बोधचिन्हांच्या गैरवापराविरुद्धच्या १९५० च्या कायद्याच्या यादीत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याचं होऊ शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ठरवलं.

नाव सुचलं की आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर आधी शोध घ्या. तो फुकट आहे. उच्चारावरूनही शोधायची सोय आहे, ती जरूर वापरा. स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घातला म्हणून नाव वेगळं होत नाही. 'ग्लुकोविटा' नाव आधीपासून असताना बिस्किटांसाठी 'ग्लुविटा' मागितलं गेलं, तेव्हा गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल असं सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्येच म्हटलं होतं.

वर्ग आणि फी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत: १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. नोंदणी तुम्ही मागितलेल्या वर्गात आणि मालातच मिळते. मसाला ३० मध्ये येतो, लोणचं २९ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. मसाल्याची नोंदणी करून लोणच्याचं नाव सुरक्षित झालं असं समजू नका.

फी प्रत्येक वर्गाला वेगळी. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,००० रुपये. कार्यालयात कागदी अर्ज दिला तर ५,००० आणि १०,०००. भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर उद्यम किंवा स्टार्टअप मान्यतेचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय सवलत मिळत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज ट्रेडमार्क नोंदणीच्या मुंबई कार्यालयाकडे जातात.

कागदपत्रं

अर्जाचा नमुना टीएम-ए. सोबत अर्जदाराची ओळख आणि पत्ता, संस्था असेल तर तिची नोंदणी, लोगो असेल तर त्याचं स्पष्ट चित्र आणि वकील किंवा एजंटमार्फत अर्ज करत असाल तर त्यांच्या नावे अधिकारपत्र. लोगो शक्यतो काळ्या-पांढऱ्यात द्या. रंगाची मर्यादा घातली नाही, तर नोंदणी सगळ्या रंगांना लागू होते. नाव देवनागरीत असेल तर त्याचा इंग्रजी उच्चार आणि अर्थही लिहावा.

नाव आधीपासून वापरात असेल, तर वापराची तारीख सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. यासाठी मी जीव तोडून सांगते, जुने कागद टाकू नका. एका काकूंनी मला बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या पावत्या आणून दिल्या. डबा उघडला, तर निम्म्या पावत्या कोऱ्या! थर्मल कागदावरची शाई उडून गेली होती. शेवटी कामी आलं ते पिशव्या छापणाऱ्या प्रेसचं साधं कार्बन कॉपीचं बिल. त्यावर ब्रँडचं नाव होतं, तारीख होती आणि '५०० नग' असं लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकीला थर्मल पावतीचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवायला सांगते. प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, जाहिरातीचं कात्रण, तारखेसह फेसबुक पोस्ट, सगळं जपा.

हा पुरावा किती जड ठरतो ते तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' खटल्यात दिसलं. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान. नोंदणी दोन्ही बाजूंकडे होती. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ असतो.

अर्ज भरल्यावर

अर्ज क्रमांक लगेच मिळतो आणि नावाशेजारी 'टीएम' लिहिता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी छापला तर तो गुन्हा आहे.

पुढे तपासणी अहवाल येतो. संकेतस्थळावर 'ऑब्जेक्टेड' (हरकत घेतली) दिसलं की अनेकजणी अर्ज बुडाला समजून गप्प बसतात, आणि तो खरंच बुडतो तो त्या गप्प बसण्यानेच. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. उत्तराने समाधान झालं नाही, तर सुनावणी लागते आणि ती व्हिडिओवर होते. ही सगळी पत्रं ईमेलवर येतात, म्हणून अर्जात स्वतःचाच ईमेल द्या आणि तो रोज उघडा.

अर्ज स्वीकारला की नाव ट्रेडमार्क जर्नल या सरकारी साप्ताहिकात छापून येतं. तिथून चार महिने कुणीही विरोध करू शकतं. विरोधाची नोटीस हातात पडली, तर दोन महिन्यांत प्रतिउत्तर द्या. कुणी विरोध केला नाही, तर प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, आणि दर दहा वर्षांनी ऑनलाइन ९,००० रुपये भरून नूतनीकरण करता येतं. नाव वापरात मात्र ठेवा. सलग पाच वर्षांहून जास्त काळ न वापरलेलं नाव दुसऱ्याच्या अर्जावरून रद्द होऊ शकतं.

प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं तरी एक काम तुमच्याकडेच राहतं. जर्नल दर सोमवारी निघतं आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. तुमच्या वर्गात, तुमच्या नावाशी मिळतंजुळतं काही आलं, तर त्या चार महिन्यांतच टीएम-ओ हा नमुना भरून विरोध करायचा असतो. त्याची ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला २,७०० रुपये.