विषुववृत्ताखालून वाहणारे पाणी मूळचे कुठले?

शाळेच्या नकाशात सागरी प्रवाह लाल-निळ्या बाणांनी दाखवलेले असतात. बाण कुठेतरी सुरू होतो आणि कुठेतरी संपतो, त्यामुळे नदीप्रमाणे प्रवाहालाही एखादे उगमस्थान असणार अशी समजूत मनात पक्की बसते. प्रवाहाच्या बाबतीत ती खरी नाही. समुद्रात प्रत्येक ठिकाणचे पाणी दुसरीकडून आलेले असते आणि एकाच प्रवाहात शेजारी शेजारी वाहणाऱ्या दोन थेंबांची गावे हजारो किलोमीटर दूर असू शकतात. मग ती गावे शोधायची कशी? उष्णकटिबंधातल्या एका विलक्षण प्रवाहाच्या बाबतीत हा शोध फार सुंदर रीतीने घेतला गेला आहे.

1952 मध्ये पॅसिफिक महासागरात विषुववृत्तावर ट्यूना माशांसाठी खोल सोडलेल्या लांब दोऱ्या पूर्वेकडे वाहत जाऊ लागल्या. वारा पश्चिमेकडे, पृष्ठभागावरचे पाणीही पश्चिमेकडे, आणि दोऱ्या मात्र उलट! सागरशास्त्रज्ञ टाउनसेंड क्रॉमवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापे घेतली, तेव्हा पृष्ठभागाखाली पूर्वेकडे धावणारा मोठा प्रवाह सापडला. त्याची रुंदी सुमारे 400 किलोमीटर, जाडी 200 मीटरच्या आसपास आणि गाभ्यातला वेग सेकंदाला एक मीटर किंवा त्याहूनही जास्त. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्या सेकंदाला दहा-बारा लाख घनमीटर पाणी समुद्रात आणतात. हा एकटा प्रवाह त्याच्या वीस-तीस पट पाणी वाहून नेतो.

तो उलटा का वाहतो? व्यापारी वारे पृष्ठभागावरचे पाणी पश्चिमेकडे लोटतात. त्यामुळे इंडोनेशियाच्या बाजूला समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. वरच्या थराला वारा धरून ठेवतो, पण शंभरेक मीटर खाली वाऱ्याचा जोर पोहोचत नाही आणि उतार मात्र तिथेही जाणवतो. इतरत्र कोरिऑलिस बल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे जाणवणारे बल, पाण्याला उताराच्या आडवे वळवते. विषुववृत्तावर हे बल शून्य होते, म्हणून तिथे पाणी सरळ उताराने पूर्वेकडे धावते. धावताना ते उत्तरेला भरकटले तर कोरिऑलिस त्याला उजवीकडे, म्हणजे परत विषुववृत्ताकडे वळवते. दक्षिणेला भरकटले तर डावीकडे, म्हणजे पुन्हा विषुववृत्ताकडेच. आणखी एक गंमत अशी, की ज्या उताराने पाणी पूर्वेकडे जाते, त्याच उतारामुळे दोन्ही गोलार्धांतले खोलवरचे पाणीही विषुववृत्ताकडे सरकते. म्हणजे प्रवाहाला पाणी दोन्ही बाजूंनी मिळत राहते. पण किती, आणि कुठून?

इथे संगणक लागतो. महासागराचे मॉडेल म्हणजे समुद्राचे लाखो चौकोनी कप्पे. वारा, सूर्याची उष्णता आणि पाऊस दिला की मॉडेल गतीची समीकरणे सोडवून प्रत्येक कप्प्याच्या सहाही बाजूंमधून किती पाणी आत-बाहेर गेले ते सांगते. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून जेवढे आत तेवढेच बाहेर. आता प्रवाहाच्या छेदावर हजारो काल्पनिक कण ठेवायचे, साठवलेल्या सगळ्या वेगांची चिन्हे बदलायची आणि काळ उलटा चालवायचा. कण आल्या वाटेने मागे निघतो. 1997 मध्ये ब्रुनो ब्लांक आणि स्टेफान रेनो या संशोधकांनी याच प्रवाहासाठी ही पद्धत वापरली. मला सर्वांत आवडते ती त्यातली हिशेबाची युक्ती: प्रत्येक कणाला सुरुवातीलाच पाण्याचा ठरावीक वाटा नेमून द्यायचा आणि तो वाटेत कधीच बदलू द्यायचा नाही. कप्प्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमध्ये वाहतूक सरळ रेषेत बदलते असे मानले, की कण कोणत्या बाजूने आणि किती वेळाने बाहेर पडेल हे सूत्रानेच मिळते. शेवटी कुठल्या प्रदेशात किती कण पोहोचले ते पाहून त्यांच्या वाट्यांची बेरीज केली, की उगमांचा ताळेबंद तयार होतो.

एक मर्यादा मात्र विसरता येत नाही. शाईचा थेंब पाण्यात मिसळल्यावर चित्रफीत उलटी फिरवून तो परत गोळा होत नाही. कप्प्यापेक्षा लहान भोवऱ्यांनी केलेली सरमिसळ अशीच उलटवता येत नाही. म्हणून एका कणाच्या वाटेला अर्थ नसतो. अर्थ असतो तो हजारो वाटांच्या वाटपाला. समुद्रातल्या रंगीत भोवऱ्यांच्या चित्रफिती ‘उपग्रहाने टिपलेले प्रवाह’ म्हणून फिरवल्या जातात, ते मला म्हणूनच खटकते. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलमधून काढलेल्या असतात. उपग्रह पृष्ठभागाची उंची आणि तापमान मोजतो, पण दोनशे मीटर खालचे पाणी त्याला दिसत नाही.

मग मॉडेलवर विश्वास का ठेवायचा? कारण समुद्रातच खुणा आहेत. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी बराचसा ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार, उत्तर गोलार्धाच्या पृष्ठभागावर टाकला. तो पुढे विषुववृत्ताजवळ पृष्ठभागाखाली सापडला, म्हणजे उत्तरेचे पाणी बुडून तिथे पोहोचते.

मॉडेलमधले कण हेच चित्र भरून दाखवतात. उपोष्ण पट्ट्यात हिवाळ्यात थंड आणि जड झालेले पाणी हलक्या पाण्याखाली सरकते आणि समान घनतेच्या थरातून विषुववृत्ताकडे निघते. त्यातले बरेचसे आधी महासागराच्या पश्चिम काठाला लागते, उत्तरेकडून फिलिपिन्सच्या मिंदानाओजवळून आणि दक्षिणेकडून न्यू गिनीच्या काठाने. दक्षिणेचा वाटा मोठा, साधारण दोन-तृतीयांश. प्रवासाला काही वर्षांपासून काही दशके लागतात. न्यू गिनीचा किनारा या पाण्याला लोह देतो आणि पार पूर्व पॅसिफिकमध्ये ते वर आल्यावर वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, त्यावर वाढतात.

1997 मध्येच गू आणि फिलँडर या संशोधकांनी सुचवले, की दूरवर बुडालेले जास्त उबदार पाणी दशकांनी विषुववृत्तावर येऊन हवामान बदलत असेल. पुढच्या अभ्यासात मात्र उत्तरेकडून निघालेली ही ऊब वाटेतच विरताना दिसली. पाणी किती गरम आहे यापेक्षा ते किती येते, याला जास्त महत्त्व असावे असे मग वाटू लागले. 2002 मध्ये मॅकफॅडन आणि झांग यांनी मोजमापांवरून दाखवले, की 1970 च्या दशकापासून दोन्ही बाजूंनी येणारा हा ओघ सुमारे एक-चतुर्थांशाने मंदावला होता आणि त्याच काळात विषुववृत्तीय पॅसिफिकच्या मध्य व पूर्व भागाचा पृष्ठभाग सुमारे 0.8 अंश सेल्सिअसने तापला होता.