चक्रीवादळ

चक्रीवादळ : उष्ण कटिबंधातील कोमट समुद्रावर जन्मणारे, कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणारे वादळ. अटलांटिकवर त्याला हरिकेन आणि वायव्य पॅसिफिकवर टायफून म्हणतात, घडण एकच. खान्देशात उन्हाळ्यात धूळ-पाचोळा उडवत जाणारी वावटळ सर्वांच्या ओळखीची. दोन्ही गरगर फिरतात, म्हणून चक्रीवादळ म्हणजे मोठी वावटळ अशी समजूत होते. ती चुकीची आहे.

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तरी तिथे चक्रीवादळ उठत नाही; समुद्राला मात्र २६.५ अंशांच्या आसपासची ऊब पुरते. फरक वाफेचा. तापलेल्या रानावरची कोरडी हवा वर जाते, वावटळ उठते आणि बहुधा काही मिनिटांत विरते. समुद्रावरची हवा वर चढताना वाफ घेऊन जाते. वाफेचे ढग होताना तिच्यात साठलेली उष्णता मोकळी होते, आणि ही उष्णता तेवढेच पाणी उकळीला आणायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून अधिक असते. तिने हवा आणखी वर चढते, खालचा दाब उतरतो, चोहोबाजूंनी नवी दमट हवा आत खेचली जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही हवा वळत वळत येते. विषुववृत्ताजवळ हा वळवणारा परिणाम फार क्षीण असतो, म्हणून तिथे सुमारे ५ अंश अक्षांशांच्या आत चक्रीवादळे क्वचितच होतात. वाऱ्यांचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की भारतीय हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो.

ऊब वरवरची असून भागत नाही. वादळ पाणी घुसळते, खालचे गार पाणी वर आले की त्याचाच जोर ओसरतो. म्हणून सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत पाणी कोमट लागते.

मग ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, चक्रीवादळे इतकी कमी का? तेव्हा खालून नैर्ऋत्येचे मोसमी वारे वाहतात आणि उंचावर पूर्वेचे जोरदार वारे. या ओढाताणीत ढगांचा मनोरा सरळ उभाच राहत नाही. त्यामुळे आपल्या समुद्रांवर हंगाम दोन : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. अटलांटिकवर जून ते नोव्हेंबर, भर सप्टेंबरात.

हे दोन हंगाम खान्देशाला नेमके नडतात. पहिल्यात रावेर-यावलकडे केळीचे घड भरलेले असतात, दुसऱ्यात कपाशीची बोंडे फुटलेली. जमिनीवर आल्यावर वाफेची रसद तुटते आणि वादळ झपाट्याने मंदावते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ असेच ईशान्येकडे सरकत क्षीण होत गेले. पण उरलेला वारा-पाऊसही या पिकांना जड जातो. फुटलेला कापूस भिजून डागाळतो. केळीच्या खोडात लाकूड नसते, मुळे उथळ असतात. घडाच्या भाराने झुकलेले झाड वाऱ्याने सहज मोडते. त्यासाठीच बागेच्या कडेने वारा अडवायला शेवरी दाट लावतात.