कोड, कुष्ठ, वांग: सीमाभागातल्या डागांच्या नावांची पार्श्वभूमी

निपाणीच्या मराठी घरात 'कोड', शेजारच्या कन्नड घरात 'तोन्नु', दखनी बोलणाऱ्यांकडे 'बरस'. तिन्ही शब्दांचा रोख एकाच डागाकडे: कातडीतल्या रंगपेशी गेल्या आणि जागा पांढरीफट्ट पडली. घोटाळ्याचं मूळ मराठी शब्दात आहे. संस्कृतात कुष्ठ, प्राकृतात कोढ, मराठीत कोड. हिंदीतही हाच शब्द 'कोढ' म्हणून चालतो, पण तिथे त्याचा अर्थ महारोग. मराठीने महारोगाला वेगळं नाव दिलं आणि 'कोड' पांढऱ्या डागापुरतं ठेवलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण छापील भाषेला 'कोड' गावंढळ वाटलं आणि 'श्वेतकुष्ठ' हा भारदस्त शब्द परत आला. त्यामुळे बोलण्यात जे दोन आजार सुटे झाले होते, ते कागदावर पुन्हा एकत्र बांधले गेले. उर्दूत ही भानगड नाही. 'बरस' वेगळा, 'जुजाम' वेगळा.

जुन्या वैद्यकाला हा फरक ठाऊक नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. कुष्ठ हे एका आजाराचं नाव नव्हतंच. सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं अशी अठरांची ती मोट होती. किलास किंवा श्वित्र म्हणजे आजचं कोड. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठ आणि किलास यांतला फरक स्पष्ट सांगितला आहे: किलास फक्त त्वचेत राहतो आणि स्रवत नाही. त्याच प्रकरणात कुष्ठ माणसाकडून माणसाकडे जातं, असंही म्हटलं आहे. मोठ्या नावाच्या संसर्गाची भीती पुढे धाकट्यालाही चिकटली.

इंग्रजी अमदानीत हा घोळ कचेरीत शिरला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला. महारोगाचा जंतू १८७३ मध्ये सापडला होता, तरी गणनेचा कारकून डोळ्यांनी पाहूनच लिहिणार. १९०१ च्या जनगणनेच्या सूचनांत म्हणूनच बजावलं होतं की, झडणाऱ्या महारोगाचीच नोंद करा, ज्यांना नुसता 'पांढरा महारोग' आहे त्यांची करू नका. सूचना रास्त होती. पण वगळण्यासाठी का होईना, कोडाला 'पांढरा महारोग' हे नाव सरकारी कागदावर मिळालं, आणि असं नाव पुसायला पिढ्या जातात. १९५४ च्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या कायद्याने परिशिष्टात महारोग आणि ल्युकोडर्मा (म्हणजे कोड) असे दोन स्वतंत्र आजार नोंदवले आणि दोन्ही बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घातली. 'सफेद दाग, शर्तिया इलाज' लिहिणाऱ्या भिंतींना त्याने फारसा फरक पडला नाही.

हा शब्दच्छल वाटत असेल तर प्रत्यक्ष डागाकडे पाहावं. महारोगाचा डाग बहुतेकदा पांढरा नसतो, फिकट असतो. रंग कमी झालेला, पण पुरता गेलेला नाही. कडेला किंवा मध्ये घाम येत नाही, लव झडते, आणि मुख्य म्हणजे संवेदना जाते. तपासताना माणसाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने किंवा बॉलपेनने हलकेच टेकवायचं, आणि जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं. आधी चांगल्या कातडीवर करून दाखवायचं, नाहीतर त्याला खेळ कळत नाही. कापूस ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. ओढला की शेजारच्या कातडीला समजतं. चेहऱ्यावर ही परीक्षा फसते, कारण तिथे नसांचं जाळं दाट असल्याने महारोगाच्या डागावरही संवेदना शिल्लक राहू शकते. लहान मुलं तर अंदाजानेच बोट ठेवतात. म्हणून कोपरामागची नस जाड लागते का, दाबल्यावर दुखते का, हे दोन्ही हातांवर ताडून पाहायचं.

कोडात संवेदना शाबूत असते. अंधाऱ्या खोलीत वूडच्या दिव्याखाली, म्हणजे ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात, कोडाचा डाग निळसर पांढरा चमकतो आणि कड काटेकोर दिसते. महारोगाचा डाग तसा उठून येत नाही. तपासण्याआधी पावडर, साबण, मलम पुसून काढायचं, कारण तेही चमकतात. पाठीवर आणि छातीवर पसरणारी, खरवडल्यावर कोंडा सुटणारी ती शिबं, कन्नडमध्ये 'चिब्बु'. ती बुरशीची, दिव्याखाली पिवळट दिसतात आणि कोंडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी लगेच ओळखू येते. मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे हा चौथा प्रकार. त्यांचं खापर जंतांवर फोडायची पद्धत आहे. बहुतेक वेळा ती कोरडी कातडी असते.

रंग तयार कसा होतो याचा शोध विसाव्या शतकातला. १९१७ मध्ये डोपा नावाचं द्रव्य कातडीच्या चकत्यांवर घालून रंग बनवणाऱ्या पेशी काळ्या करून दाखवल्या गेल्या. पुढे कळलं की काळ्या आणि गोऱ्या कातडीत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या बनवत असलेल्या रंगकणांच्या आकारात, प्रमाणात आणि ते टिकण्यात. पण या भागाच्या दृष्टीने कामाचं वर्ष १९३९. अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांचे हात मोज्याच्या मापात पांढरे पडले. रबर टिकावं म्हणून घातलेलं, हायड्रोक्विनोनच्या कुळातलं रसायन त्याला कारण निघालं. ज्यापासून रंग बनतो त्या टायरोसिनसारखी त्याची बांधणी असल्याने रंगपेशीतलं विकर त्यालाच कच्चा माल समजून घेतं आणि त्यातून निघालेलं विष पेशीला मारतं.

अशाच बांधणीचं आपल्याकडचं रसायन पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल. ते टिकलीच्या गोंदात असतं आणि चपला चिकटवायच्या निओप्रीन गोंदाच्या राळेतही. कपाळावर भुवयांच्या मध्ये टिकलीच्याच मापाचा गोल पांढरा डाग, किंवा पावलावर पट्ट्याच्या रेघेत पांढरे ठिपके दिसले तर आधी वस्तू बदलायची. अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग हा कोल्हापुरी चपलेचा पट्टा. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचे बेळगावसह चार जिल्हे आहेत. सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या, वादीने शिवलेल्या चपलेत हा गोंद लागत नाही. तशाच दिसणाऱ्या, पण तळ चिकटवलेल्या चपलेचं तसं सांगता येत नाही. अशा संशयात पॅच टेस्ट करतात, म्हणजे संशयित द्रव्य पट्टीखाली कातडीला चिकटवून ठेवतात, पण त्यात एक खाच आहे. ती ४८ आणि ९६ तासांनी वाचतात, आणि रंग जायला कित्येक आठवडे लागू शकतात. पट्टी काढली, लाली नाही, म्हणून 'नॉर्मल' लिहून मोकळं व्हायचं आणि महिन्याभराने त्याच जागी पांढरा ठिपका उमटायचा, असं होतं. २०१३ मध्ये जपानमध्ये चेहरा उजळवणारी, २ टक्के रोडोडेंड्रॉल असलेली उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली, तीही याच यंत्रणेमुळे. १९३९ चा धडा कारखान्याबाहेर पोचला नव्हता.

उपचाराच्या इतिहासात बावची सगळ्यात जुनी. बी आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. त्यातलं सोरॅलेन हे द्रव्य उन्हातल्या यूव्हीए (लांब लहरींच्या अतिनील) किरणांबरोबर पेशीतल्या डीएनएला जखडतं. १९४७ च्या सुमारास इजिप्तमध्ये तिथल्या एका रानवनस्पतीतून याच गटातलं द्रव्य वेगळं काढून कोडावर वापरलं गेलं. फसगत मात्रेत आणि वेळेत होते. बावचीचं तेल चोपडून दुपारच्या उन्हात बसलेल्या माणसाला त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशीही बसतो. सोरॅलेनची भाज ४८ ते ७२ तासांनी कळसाला जाते, तोवर फोड आलेले असतात. आणि भाजलेल्या जागी नवं कोड उठू शकतं.

१९९७ मध्ये ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबीने (आखूड लहरींच्या अतिनील किरणांनी) पारडं फिरवलं. त्या वर्षीच्या अभ्यासात चार महिन्यांनी या किरणांच्या गटातल्या ६७ टक्के जणांत रंग परतला, लावायच्या सोरॅलेनच्या गटात ४६ टक्के. गोळी नाही, गर्भारपणात चालतं. सुरुवात साधारण २०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर, दर वेळी १० ते २० टक्के वाढ, आठवड्यात तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. डाग २४ तासांच्या आत ओसरणारा फिका गुलाबी झाला की मात्रा बरोबर. ४८ बैठका झाल्याशिवाय 'गुण नाही' म्हणू नये. खानापूरच्या आतल्या गावातून आठवड्यात तीनदा बेळगाव गाठणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. ऊसतोडीच्या हंगामात खंड पडतोच. खंड ४ ते ७ दिवसांचा असेल तर मात्रा तीच, ८ ते १४ दिवसांना पाव कमी, १५ ते २१ दिवसांना निम्मी, त्यापुढे पहिल्यापासून. सुटलेल्या बैठका भरून काढायला मात्रा वाढवली की भाजतं.

रंग परततो तो केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून. म्हणून बोटांची टोकं आणि ओठ दाद देत नाहीत, डागावरचे केस पांढरे असतील तर बाकीची जागाही. तिथे वर्षभर स्थिर राहिलेल्या डागावर कातडीरोपण. २०११ च्या जागतिक सहमतीने शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात येणारं कोड इतर कोडापासून वेगळं काढलं. ते लवकर पसरतं, पण बहुधा लवकर थांबतं आणि रोपणाला छान दाद देतं. २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब मलमाला मान्यता मिळाली. २४ आठवड्यांत दहांतल्या साधारण तिघांच्या चेहऱ्यावरचं कोड ७५ टक्के भरलं. किमतीमुळे ते इथल्या खिशापासून दूर आहे.

वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे काळपट चट्टे, कन्नडमध्ये 'बंगु', ही उलट बाजू: रंग जास्त. १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचं मिश्रण निघालं, तेही मुदतीपुरतं वापरण्यासाठी. आपल्याकडे त्यातल्या स्टेरॉइडच्या जागी मोमेटासोन आलं, आणि ट्यूब औषधाच्या दुकानातून 'गोरं व्हायची क्रीम' म्हणून महिनोन्‌महिने जाऊ लागली. कातडी पातळ होते, पुळ्या आणि लव येते, आणि थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. कायद्यात वरून लावायच्या स्टेरॉइडना मिळालेली सवलत २०१८ मध्ये काढली, चौदा औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या यादीत आली. चिठ्ठी किती दुकानांत मागतात हे सगळे जाणतात. शिवाय गडद कातडीत नुसता दृश्य प्रकाशही वांग गडद करतो. साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत हवं.

यात महारोगाचा धागा पुन्हा येतो तो औषधातून. बहुऔषधी उपचारातलं क्लोफाझिमिन (महिन्यातून एकदा आरोग्यसेवकासमोर ३०० मिलिग्रॅम, रोज घरी ५०) कातडी लालसर काळपट करतं, विशेषतः डागांच्या जागी. कमी डागांच्या रुग्णांना ते पूर्वी देत नसत. २०१८ च्या जागतिक सूचनांनी त्यांच्यासाठीही सहा महिने सुचवलं. आजार लपवणाऱ्या माणसाचा चेहराच गाव वाचायला लागतं, आणि गोळ्या मध्येच सुटतात. औषध संपल्यावर हा रंग काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत हळूहळू उतरतो, हे पहिली पट्टी हातात देतानाच, घरच्यांच्या भाषेत सांगावं लागतं. सरकारी माहितीपत्रक कन्नडमध्ये असतं.