चिंचेने घासलेली शिवराई

सोलापुरात जुनी नाणी जपणाऱ्या घरांत एक समज पक्का बसलाय: नाणं चिंचेने किंवा लिंबाने घासून लखलखीत केलं की किंमत वाढते. हे साफ चुकीचं आहे. किंमत उलट पडते, आणि बऱ्याचदा निम्म्याहून खाली.

देवघरातली तांब्याची भांडी चिंचेने उजळतात, कारण तिच्यातलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं. नाण्यावरचा तो तपकिरी थर मात्र मळ नव्हे. शेकडो वर्षांत धातूवर तयार झालेलं ते कवच आहे आणि जाणकार आधी तेच बघतात. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, घासली की त्यावरची ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं बोथट होतात, भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात, रंग गुलाबीसर, कच्चा पडतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. राणी छाप रुपयाला टूथपेस्ट लावणंही तसंच घातक.

माती चिकटली असेल तर नाणं काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा. मग सुती कापडाने नुसतं टिपा, घासू नका. तेलकट चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, पण हा द्रव पटकन पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात.

फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा आणि जाणकाराला दाखवा. पीव्हीसी प्लास्टिकचे अल्बम तर नाणी ठेवायला वापरूच नका.