विष निघालं म्हणजे खून? व्हिसेरा अहवालामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

संशयास्पद मृत्यूच्या बातमीत शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून अहवालाची प्रतीक्षा आहे.’ व्हिसेरा म्हणजे विषाच्या तपासणीसाठी मृतदेहातून काढलेले आतले अवयव. वाचणारे त्यावरून सरळ हिशोब मांडतात. अहवालात विष निघालं तर खून, नाही निघालं तर नैसर्गिक मृत्यू. कोर्टात हा हिशोब कधीच इतका सरळ नव्हता. बडोदा, मुंबई आणि पुणे इथली तीन प्रकरणं शेजारी ठेवली की ते लक्षात येतं. दोन प्रकरणांत विष सापडलं आणि आरोप टिकला नाही. एकात विषाचा मागमूस नव्हता आणि फाशीची शिक्षा झाली.

पहिलं प्रकरण बडोद्याचं. 9 नोव्हेंबर 1874 रोजी सकाळी फिरून आलेले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत प्यायला बसले. दोन-तीन घोट घेतल्यावर चव बिघडलेली वाटली, म्हणून उरलेलं त्यांनी ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला होता, आणि पुढचं सगळं त्या चमचाभर गाळावर उभं राहिलं. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी थोडा भाग बडोद्यातच तपासला आणि बाकीचा मुंबईला सरकारी रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघालं आणि चकाकणारे बारीक कण निघाले. ते कण हिऱ्याची पूड असल्याचा सरकार पक्षाचा दावा होता. ‘हिरकणी गिळून’ जीव दिल्याच्या कथा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. हिरा मात्र रासायनिकदृष्ट्या विष नाही, तो शरीरात विरघळतच नाही. त्या गाळात जीवघेणं काही असेल तर ते सोमल.

संशय बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. फेब्रुवारी 1875 मध्ये सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन भारतीय सदस्य होते. मल्हाररावांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला. सोमल होतं की नाही हा वाद राहिलाच नव्हता. वाद होता तो ते कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून टाकलं याचा, आणि त्याचा पुरावा म्हणजे रेसिडेन्सीतल्या नोकरांचे कबुलीजबाब. उलटतपासणीत ते डळमळले. तीन युरोपीय सदस्यांनी आरोप सिद्ध झाला म्हटलं, तीन भारतीय सदस्यांनी नाही म्हटलं. सरकारने एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं ते गैरकारभाराचं कारण देऊन, विषप्रयोगाचं नव्हे. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला गेला, तेच सयाजीराव तिसरे.

डॉ. ग्रे यांच्यासारखा माणूस मुंबईत बसलेला होता, यामागे युरोपातली चाळीस वर्षांची धडपड होती. सोमल पांढरं, जवळजवळ बेचव आणि उंदरांच्या नावाखाली सहज मिळणारं. त्याची लक्षणं पटकीसारखी: उलट्या, जुलाब, पेटके. पटकीची साथ चालू असताना घरातल्या एखाद्याला सोमल दिलं तर कुणाला शंकाही येत नसे. 1832 मध्ये इंग्लंडमधल्या एका खटल्यात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने आर्सेनिकचा पिवळा साका काढला, पण ज्युरीपुढे जाईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. चिडलेल्या मार्शने 1836 मध्ये नवी चाचणी जाहीर केली. नमुन्यात जस्त आणि सल्फ्युरिक आम्ल घालायचं. आर्सेनिक असेल तर ते हायड्रोजनशी संयोग पावून वायुरूपाने बाहेर पडतं. तो वायू पेटवून ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरली की काळसर चकचकीत डाग उमटतो. हा डाग टिकतो, ज्युरीला दाखवता येतो.

पण चाचणीत दोन खाचखळगे होते. एक, अँटिमनीही तसाच डाग देतं. म्हणून डागावर सोडियम हायपोक्लोराइट टाकून बघायचं, आर्सेनिकचा डाग विरघळतो, अँटिमनीचा राहतो. दुसरा जास्त घातक: बाजारातल्या जस्तात आणि आम्लात मुळातच आर्सेनिकची भेसळ असे. म्हणून आधी नमुन्याशिवाय कोरी चाचणी करून रसायनं शुद्ध असल्याची खात्री करून घ्यावी लागे. 1840 मध्ये फ्रान्समधल्या लाफार्ज खटल्यात स्थानिक रसायनज्ञांना मृतदेहात काही सापडेना. पॅरिसहून आलेल्या विषतज्ज्ञ ऑर्फिला यांनी त्याच देहात आर्सेनिक दाखवलं आणि विधवा पत्नी दोषी ठरली. चाचणी तीच, करणारा हात वेगळा.

धातूंची विषं अशी हाती लागली, पण वनस्पतींची विषं मिळत नव्हती. ऊतींच्या चरबी-प्रथिनांत ती हरवून जात. बेल्जियमच्या जाँ स्टास यांनी 1850 मधल्या एका उमरावाच्या प्रकरणात निकोटिन काढून दाखवलं. अवयवांचा लगदा आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये मुरवायचा, गाळून आटवायचा, मग अल्कली घालून ईथरमध्ये विष ओढून घ्यायचं. थोड्याफार सुधारणांसह ‘स्टास-ओटो’ नावाने हीच पद्धत भारतीय प्रयोगशाळांत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. आपल्याकडे तिची गरज होतीच. वाटसरूंना धोतऱ्याचं बी खायला घालून बेशुद्ध करायचं आणि लुटायचं हा तेव्हाचा सर्रास गुन्हा होता. मद्रासला 1849 मध्ये, कलकत्त्याला 1853 मध्ये, आग्र्याला 1864 मध्ये आणि मुंबईला 1870 मध्ये सरकारी रासायनिक प्रयोगशाळा निघाल्या. पोलिसांच्या तोंडी आजही ‘सीए रिपोर्ट’ हा शब्द आहे तो त्या केमिकल अॅनालायझरमुळे, जरी आता महाराष्ट्रात त्या संस्थेला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा म्हणत असले आणि तिचं मुख्यालय कलिन्याला असलं तरी.

दुसरं प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना ‘लागू खटला’ म्हणून माहीत असतं. अनंत चिंतामण लागू हा पुण्यातला डॉक्टर, शुक्रवार पेठेतल्या एका सधन विधवेच्या घरात भाडेकरू आणि तिचा वैद्यकीय सल्लागार. बाईंना मधुमेह होता. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री, मुंबईत मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून, तो त्यांना घेऊन पॅसेंजर गाडीने निघाला. पहाटे गाडी व्हीटीला पोहोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. त्याने त्यांना जी. टी. हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, पण नाव सांगितलं ते माहेरचं. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या बाईचं माहेरचं नाव सासरच्या ओळखीत कुणाच्या लक्षात असणार? साडेअकराच्या सुमारास शुद्धीवर न येताच त्या वारल्या.

तपासाच्या दृष्टीने खरी पडझड हॉस्पिटलातच झाली. डॉक्टरांनी सुरुवातीला डायबेटिक कोमा समजून इन्सुलिन दिलं. पण तशा कोमात लघवीत अॅसिटोन सापडायला हवं, आणि पुढे सगळा वैद्यकीय वाद याच एका मुद्द्याभोवती फिरला. फेरीवर आलेल्या मानद डॉक्टरांना विषबाधेची शंका आली, त्यांनी शवविच्छेदन करायला सांगितलं. ते झालं नाही. मृत्यूचं कारण कागदावर डायबेटिक कोमाच राहिलं. हॉस्पिटलने लागूला पुण्याच्या पत्त्यावर मृत्यूची तार केली. देह न्यायला कुणी आलं नाही. बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायची तयारी चालली असताना गळ्याजवळ वळासारखी खूण दिसली, म्हणून थांबवलं. शवविच्छेदन झालं 23 नोव्हेंबरला, मृत्यूनंतर दहा दिवसांनी. रासायनिक विश्लेषकाला विष सापडलं नाही.

दहा दिवसांत काय गमावलं जातं? सोमल फारसं गमावलं जात नाही. ते केसांत, नखांत, हाडांत वर्षानुवर्षं राहतं. पण उडून जाणारी विषं, कुजताना विघटित होणारी विषं, आणि मुळात मिलिग्रॅममध्ये दिलेली औषधं तेव्हाच्या पद्धतींना सापडणं जवळपास अशक्य. इन्सुलिनचंच बघा. या घटनेनंतर सहा महिन्यांनी, मे 1957 मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड इथे बार्लो नावाच्या परिचारकाची पत्नी वारली. शरीरावर सुईच्या खुणा सापडल्यावर तिथल्या नितंबातल्या ऊती कापून त्यांचा अर्क उंदरांना टोचला. उंदीर आचके देऊन मेले, ग्लुकोज दिलेले वाचले. त्यावरून 84 युनिट इन्सुलिनचा हिशोब लागला. तिथे देह ताजा होता आणि शोधणाऱ्याला काय शोधायचं हे माहीत होतं. मुंबईत दोन्ही गोष्टी नव्हत्या. शिवाय उपचार म्हणून इन्सुलिन दिलेलंच होतं, त्यामुळे ते सापडून तरी त्याचा अर्थ काय लावणार?

मग शिक्षा कशाच्या बळावर? मृत्यूनंतरच्या वागण्याच्या. बाई वारल्याचं लागूने नातेवाइकांना सांगितलं नाही. उलट, त्यांनी पुन्हा लग्न केलं आणि त्या जयपूरजवळ जाऊन राहिल्या अशी पत्रं येऊ लागली. दरम्यान त्यांचे शेअर, बँकेतले पैसे आणि घरातल्या चीजवस्तू त्याच्याकडे जात होत्या. नातेवाइकांच्या तक्रारीनंतर 1958 मध्ये अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली आणि डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. विषप्रयोगाच्या खटल्यात तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात हे आधीच ठरलेलं होतं: मृत्यू विषाने झाला, आरोपीकडे विष होतं, ते देण्याची संधी त्याला होती. न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालाचं म्हणणं असं की या गोष्टी परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही सिद्ध होऊ शकतात. विष सापडलंच पाहिजे असा हट्ट धरला तर जितका हुशार विषप्रयोग करणारा तितकी त्याची सुटका पक्की. तीनपैकी एका न्यायमूर्तींनी, न्या. सरकार यांनी, वेगळं मत दिलं: मृत्यू अनैसर्गिक होता हेच पुरेसं सिद्ध झालेलं नाही. हे मत सहसा कुणी वाचत नाही, पण वाचावं. वागणं संशयास्पद असणं म्हणजे मृत्यूचं कारण कळणं नव्हे, हा आक्षेप आजही जिवंत आहे.

तो आक्षेप पंचवीस वर्षांनी पुण्याच्याच प्रकरणात फळला. जून 1982 मध्ये एक नवविवाहिता सासरी मृतावस्थेत सापडली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. पोटॅशियम सायनाइड निघालं, त्याबद्दल शंका नव्हती. पतीला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिची मनःस्थिती दिसत होती आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. सायनाइड पतीच्या ताब्यात होतं याचा पुरावा नव्हता. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं याच ‘शारदा’ (पतीचं आडनाव) निकालात ‘पंचशील’ म्हणून मांडली गेली, आणि विषाच्या तीन अटींना हेतूची चौथी जोडली गेली. 1988 च्या भूपिंदर सिंग निकालात न्यायालयाने पुन्हा थोडी ढील दिली: विष ताब्यात असल्याचा पुरावा प्रत्येक खटल्यात अनिवार्य नाही.

आता व्हिसेराच्या बरणीकडे. पोलिसांकडे आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, मरणोत्तर पंचनामा होतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली. मुंबईत 1871 च्या कायद्याने आलेलं कॉरोनरचं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, पद 1999 मध्ये संपलं. शवविच्छेदनात जठर दोन्ही टोकांना बांधून आतल्या अन्नासह काढतात. त्याच बरणीत लहान आतड्याचा सुमारे 30 सेंटिमीटर भाग. दुसऱ्या बरणीत सुमारे 500 ग्रॅम यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. वर मिठाचं संपृक्त द्रावण. बरणी काठोकाठ भरायची नाही, एक तृतीयांश रिकामी ठेवायची. वायू धरतो आणि झाकण उडतं. रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं, हृदयातून नव्हे, कारण मृत्यूनंतर औषधं आतल्या अवयवांतून हृदयातल्या रक्तात झिरपतात आणि आकडा फुगतो. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड. आणि ज्या मिठाच्या पाण्यात अवयव ठेवले त्याचा वेगळा नमुना, म्हणजे मार्शच्या कोऱ्या चाचणीचंच आजचं रूप. तो पाठवायला विसरले तर बचावाचा वकील विचारतो: विष पाण्यात नव्हतं कशावरून?

सर्वांत जास्त नासाडी फॉर्मॅलिनने होते. ऊतीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी ते बरोबर, पण विषासाठीच्या बरणीत पडलं की ऊती कडक होतात, विष सुटून येत नाही, सायनाइडची तर त्याच्याशी थेट रासायनिक क्रिया होते. दारूची शंका असताना रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये नमुना ठेवण्याचे प्रकारही होतात; त्यावर अधिक काय बोलावं! धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू बरणी सैल असेल तर उडून जातो. तो असेल तर सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवलेला कागद काळा पडतो, पण ही चाचणी शवागारातच लगेच करायला हवी. शेवटी लाखेचं सील, सीलचा नमुना आणि बरणी कुणाच्या ताब्यातून कुणाकडे कधी गेली याची नोंद. सरकारी विश्लेषकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो, पूर्वी कलम 293, आता 329. म्हणून बचाव पक्ष अहवालाच्या निष्कर्षाशी क्वचितच भांडतो. तो सीलशी, मुद्देमाल नोंदवहीतल्या तारखांशी आणि मधल्या दिवसांत बरणी कुठे होती याच्याशी भांडतो.