पाचवं चाक आणि हंसाची मान : फिफ्थ व्हील व गूजनेक जोडणीची पार्श्वभूमी

अमेरिकेत पिकअप ट्रकमागे मोठा कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, ओढणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो. ट्रकच्या हौद्यात गूजनेक जोडणीचा बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा, आधीपासून बसवलेला असतो, कारण घोडे, गुरं किंवा गवताच्या गाठी नेणारा ट्रेलर त्यावरच चालतो. पुढे घरातल्या मंडळींसाठी कॅम्पर घेतला जातो आणि तो निघतो फिफ्थ व्हील जातीचा. बॉल काढून तिथे फिफ्थ व्हील जोडणीचं दीडदोनशे पौंडांचं लोखंडी धूड बसवायचं, की कॅम्परच्याच पुढच्या टोकाला गूजनेकची मान जोडून तोच बॉल वापरायचा? दुसरा मार्ग स्वस्त आणि सुटसुटीत वाटतो. तो तसा आहे का, हे समजायला या दोन जोडण्या कुठून आल्या ते पाहावं लागतं. दोघी हौद्यात शेजारी शेजारी दिसत असल्या, तरी त्यांची कुळं वेगळी आहेत.

फिफ्थ व्हील म्हणजे पाचवं चाक. ते बग्गीच्या काळातलं आहे. आपल्या बैलगाडीला त्याची गरज कधी पडली नाही. तिला दोनच चाकं, त्यामुळे बैल वळले की गाडी वळली. चारचाकी गाडीत मात्र पुढची दोन चाकं वळवावी लागतात. त्यासाठी पुढचा अख्खा आस एका उभ्या खिळ्याभोवती फिरता ठेवत, आणि गाडीचं वजन पेलायला आस व साटा यांच्यामध्ये एक आडवं लोखंडी कडं बसवत. चार चाकं जमिनीवर आणि हे पाचवं आडवं, म्हणून ते नाव. मुंबईच्या रस्त्यांवरच्या व्हिक्टोरिया याच घडणीच्या. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. त्याआधी गेटवेजवळ उभी व्हिक्टोरिया ज्यांनी वाकून पाहिली असेल, त्यांना पुढच्या चाकांच्या वर असलेलं ते कडं आठवेल.

वळण्याचा दुसरा उपायही त्याच काळात निघाला : आस जागेवरच ठेवून प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळवायचं. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांची ही कल्पना. रुडॉल्फ आकरमन यांनी 1818 मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे मोटारींनी हीच वाट धरली आणि फिरत्या आसाचं कडं मागे पडलं. ते संपून गेलं असतं, पण ट्रेलरने त्याला नवं काम दिलं.

मोटारीच्या मागच्या अंगावर दुसऱ्या गाडीचं पुढचं टोक टेकवायचं, ही युक्ती क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. ते मोटारी बनवत. विकलेली गाडी स्वतःच्या चाकांवर चालवत नेली, तर गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ती झिजलेली असे. म्हणून ती एका गाड्यावर चढवून न्यायची. 1914 मध्ये डेट्रॉइटमध्ये ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे फ्रेडरिक सिब्ली हा लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली होडी फोर्ड मॉडेल टी गाडीमागून न्यायची होती. फ्रुहॉफने दोनचाकी ट्रेलर करून दिला. तो इतका उपयोगी ठरला की सिब्लीने लाकूड वाहायला आणखी मागितले. पुढचं टोक ओढणाऱ्या गाडीवर टेकतं आणि मागचंच स्वतःच्या चाकांवर चालतं, म्हणून त्याला सेमी-ट्रेलर हे नाव पडलं.

जोडणी मात्र वेळखाऊ होती. जॅक लावायचे, टोक उचलायचं, खिळा बसवायचा. 1915 च्या सुमारास चार्ल्स मार्टिन यांनी जी डुलती चकती आणली, तिथून आजच्या फिफ्थ व्हीलचा वंश सुरू झाला असं मानतात. ट्रकवर मागे फट असलेली जाड चकती, ट्रेलरखाली लोंबणारा किंगपिन. ट्रक मागे घेतला की पिन फटीतून आत सरकतो आणि जबडा मिटतो. चकती पुढेमागे डुलते, त्यामुळे चढउतारावर जोड आवळत नाही. ट्रेलर सोडून ट्रक मोकळा करणं हे मिनिटांचं काम झालं. ट्रेलर भरला जात असताना ट्रकने खोळंबून राहायचं कारण उरलं नाही, आणि मालवाहतुकीचा सगळा हिशेबच त्यामुळे बदलला. न्हावाशेवा बंदराबाहेर कंटेनर उतरवून एकटाच निघालेला ट्रक आपण पाहतो. आपल्याकडे वाहतुकीच्या धंद्यात त्याला हॉर्स किंवा घोडा म्हणतात. त्याच्या पाठीवर ग्रीस चोपडलेली जी काळी चकती उघडी दिसते, ती हीच. बग्गीचं कडं गेलं, पण घोडा हे नाव तेवढं मागे राहिलं.

राहत्या ट्रेलरसाठी ही जोडणी प्रथम नावारूपाला आणली ती एका वैमानिकाने. ग्लेन कर्टिस यांचं नाव अमेरिकी विमानविद्येच्या आरंभाशी जोडलेलं आहे. 1920 च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडात त्यांनी एरोकार नावाचा चालता बंगला बाजारात आणला. त्याचा सांगाडा विमानासारखा हलका. जोडणी तर विलक्षण होती : मोटारीच्या मागच्या भागात एक हवा भरलेलं विमानाचं चाक आडवं ठेवलेलं, आणि ट्रेलरचा पिन त्याच्या तुंब्यात उतरलेला. रस्त्याचे धक्के टायरमधली हवा सोसायची. म्हणजे पाचवं चाक हे नाव इथे अक्षरशः खरं झालं. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा तुकडा वाटतो, कारण जोडात लवचीकपणा हवा हे कर्टिसना तेव्हाच उमगलं होतं. 1930 मध्ये ते वारले आणि मंदीने महागड्या एरोकारचं गिऱ्हाईक नेलं. कुठल्याही मोटारीच्या मागे अडकवता येतील असे साधे ट्रेलर टिकले. फिफ्थ व्हील कॅम्पर खऱ्या अर्थाने परतला तो 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून, घरोघरी पिकअप ट्रक आले तेव्हा. हौदा आयताच मिळाला होता, आणि तो मागच्या आसावर होता.

इथे आपल्या गाडीवानांचे दोन शब्द कामाला येतात. पुढे जास्त भरली तर गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर दडपतं. मागे जास्त भरली तर ती उलाळ होते आणि जू वर उचलायला लागतं. ट्रेलरचंही हेच. बंपरमागे बॉलवर ओढला जाणारा ट्रेलर उलाळ झाला की महामार्गावर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि ते डोलणं जीवघेणं ठरू शकतं. म्हणून त्याच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार पुढे ठेवतात. फिफ्थ व्हीलमध्ये हा भार 15 ते 25 टक्के असतो. एवढा धुरजडपणा चालतो, कारण तो बंपरच्या मागे लोंबत नाही. मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे टेकतो आणि ट्रक उलट स्थिर होतो. पण वजन कुठे नाहीसं होत नाही. 12,000 पौंडांच्या कॅम्परचा 20 टक्के भार म्हणजे 2,400 पौंड, जवळजवळ 1,090 किलो. एवढा भार पेलायची ट्रकची अधिकृत क्षमता आहे का, हे जोडणी निवडण्याच्या आधी पाहायचं. ओढण्याच्या क्षमतेचा मोठा आकडा जाहिरातीत झळकतो. अडतं बहुतेक वेळा या दुसऱ्या आकड्यापाशी.

गूजनेकचं कुळ शेतीचं. ट्रेलरचं पुढचं टोक हंसाच्या मानेसारखं वर जाऊन हौद्यात खाली उतरतं आणि तिथल्या बॉलवर बसतं. बॉलचा नेहमीचा व्यास 2 पूर्णांक 5/16 इंच, म्हणजे साधारण 59 मिलिमीटर. बॉल हौद्याखाली ट्रकच्या चौकटीला बोल्टने जखडलेल्या आडव्या लोखंडावर उभा असतो, हौद्याच्या पत्र्यावर नाही. शेतकऱ्याला तो पटला, कारण ट्रेलर सोडला की हौदा रिकामा. कॅन्ससमधल्या हम्बोल्ट गावात 1987 मध्ये सुरू झालेल्या बी अँड डब्ल्यू कंपनीने तर उलटा करून ठेवता येणारा बॉल काढला. काम झालं की बॉल उपसायचा, पालथा करून त्याच भोकात घालायचा, हौदा सपाट. शेताच्या खाचखळग्यांत बॉल सगळ्या बाजूंनी फिरतो हाही फायदा. मालवाहू फिफ्थ व्हील मुख्यतः पुढेमागेच डुलते. कॅम्परसाठीच्या चकत्यांना म्हणूनच बाजूला झुकण्याचीही सोय द्यावी लागली.

आता मूळ प्रश्न. गूजनेक ट्रेलरची मान कारखान्यातच जाड नळ्यांची, आधार देऊन वेल्डिंग केलेली असते, कारण ओढण्याचा आणि ब्रेकचा जोर तिच्या अगदी खालच्या टोकाला बसणार हे ठरलेलं असतं. कॅम्परचं तसं नाही. त्याच्या पुढच्या उंच भागाखाली पिनबॉक्स, म्हणजे पिन धरणारी लोखंडी पेटी, बोल्टने लावलेला असतो आणि त्यातून दोन इंच व्यासाचा किंगपिन जेमतेम बोटभर खाली येतो. सगळा जोर तिथेच, वरच्या वर बसेल अशा हिशेबाने वरची चौकट घडवलेली असते. त्या पिनला फूट-सव्वाफूट लांबीची नळी जोडून हौद्यातल्या बॉलपर्यंत नेली, तर आपण चौकटीला पहार लावली. हातभर पहारीने माणूस एरवी न हलणारा दगड उचकटतो, ते तरफेच्या जोरावर. ब्रेक दाबल्यावर बॉलपाशी 500 किलोचा जोर आला आणि नळी 35 सेंटिमीटर असली, तर पिनबॉक्सवर 175 किलोग्रॅम-मीटरचा जादा पीळ पडतो. एकदा पडून काही होत नाही. पण प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्यात, हजारो किलोमीटर तो पुढेमागे पडत राहतो आणि वेल्डिंगच्या कडेने तडा धरतो. कॅम्परच्या बाहेरच्या पत्र्याआड तो दिसतही नाही. बऱ्याच चौकट बनवणाऱ्यांची हमी अशा नळीनंतर लागू राहत नाही, ती याच कारणाने. त्यांच्या त्या अटीत मला काही अडवणूक दिसत नाही.

मग हौदाही मोकळा हवा आणि चौकटही वाचायला हवी, यावर कारागिरांनी दोन दिशांनी तोड काढली. एक ट्रकच्या बाजूने. बी अँड डब्ल्यूच्या कम्पॅनियनमध्ये पूर्ण फिफ्थ व्हीलचा सांगाडा गूजनेकच्या भोकात खुंटी घालून बसतो. अँडरसनने अॅल्युमिनियमचा हलका त्रिकोणी सांगाडा केला. तो हौद्यातल्या बॉलला आवळतात, त्याच्या माथ्यावर दुसरा बॉल असतो आणि कॅम्परच्या किंगपिनला फक्त एक ठोकळा जोडतात. दोन्हींत उंची ट्रकच्या बाजूला राहते, म्हणजे तरफेचा ताण कॅम्परऐवजी हौद्याखालच्या लोखंडावर जातो. ते लोखंड त्या बेताने जाड असतं. दुसरी तोड ट्रेलरच्या बाजूने : नळी न जोडता सगळा पिनबॉक्सच काढून त्याजागी धक्के पिणाऱ्या हवेच्या पिशव्यांसह बनवलेला गूजनेक बॉक्स लावायचा. रीसचा गूजबॉक्स या जातीचा. हवेने धक्का सोसायची कर्टिसची कल्पना इथे पुन्हा भेटते. 2010 च्या दशकात फोर्ड, रॅम, जीएम यांनी जड पिकअपच्या हौद्याखाली कारखान्यातूनच बॉल आणि चार खुंट्यांची भोकं द्यायला सुरुवात केली, आणि ही अदलाबदल आणखी सोपी झाली.

माझं मत ट्रकच्या बाजूच्या तोडीकडे झुकतं. ट्रक बदलतो, विकला जातो, त्याखालचं लोखंड बाहेरून तपासता येतं. कॅम्परची चौकट भिंतीआड असते आणि ती वाकली तर घरच वाकतं. गूजनेक बॉक्स घ्यायचाच असेल तर चौकट कोणाची आहे ते पाहून, तिच्या निर्मात्याची संमती लेखी मिळवून मगच घ्यावा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. आखूड हौद्याच्या ट्रकवर काटकोनात वळताना कॅम्परचा रुंद कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येतो. खऱ्या गूजनेक ट्रेलरला हे भय कमी, कारण त्याची मान निमुळती असते. नुसता बॉल वापरल्याने कॅम्पर निमुळता होत नाही. फिरण्याचा बिंदू आसावरच राहिला तर कोपरा तेवढाच जवळ येणार. त्यासाठी मागे सरकणारी जोडणी किंवा पुढे काढलेला पिनबॉक्स लागतो. आणि बॉलवर ओढायचं म्हटलं की सुरक्षा साखळ्या आल्या. किंगपिनच्या जबड्याला त्या सहसा लागत नाहीत, म्हणून कॅम्परवर त्या अडकवायला कड्याच नसतात. नळी विकत घेताना साखळीचं कडं कशाला बसणार, हे दुकानातच विचारावं. ते कडं नळीलाच असेल, तर पिनबॉक्स तुटल्यावर साखळीसकट नळी ट्रकबरोबर जाईल आणि कॅम्पर मागे सुटेल.